चार सेकंदात बंद पडणारा कॉम्प्युटर आणि माझे नऊ दिवस

मी सांगलीत गावभागात राहतो. मार्केट यार्डातल्या सहा-सात हळद-बेदाणा व्यापाऱ्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीची कामं घरूनच करतो, त्यामुळे आमच्याकडं कॉम्प्युटर बंद पडणं म्हणजे दुभती म्हैस आटण्यासारखं आहे.

गोष्ट ऑगस्टमधली. कृष्णा चढायला लागली की गल्लीत दर तासाला एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलाला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझा जुना कॉम्प्युटर टेबलासकट पाण्यात गेला, नंतर चिखलातनं काढला तर आत एक मेलेला खेकडा निघाला, खोटं नाही सांगत. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी हा आत्ताचा असेंबल करून घेतला, रायझन ३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आपल्या कामाला भरपूर. तर यावेळी ३८ फूट झाल्यावरच मी वायरी उपसून डबा (सगळे त्याला सीपीयू म्हणतात, मी पण म्हणतो) वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. पाणी काही ४० च्या वर गेलं नाही. तीन दिवसांनी खाली आणला, जोडला, बटण दाबलं. फॅन फिरला, निळी लाईट लागली, मी खुर्ची पुढं ओढतोय तेवढ्यात टक करून सगळं बंद.

परत दाबलं, काहीच नाही. थोडं थांबून दाबलं की परत तेच, फॅन, लाईट, टक. स्क्रीनवर एक अक्षर यायच्या आत.

तारीख होती १२. जीएसटीआर वन (विक्रीचं महिन्याचं रिटर्न) ११ ला भरून झालं होतं हे नशीब, पण ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) ची २० तारीख समोर होती आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड, तो पण प्रत्येक पार्टीचा वेगळा, आणि व्यापारी माणूस दंड स्वतः भरत नाही हे ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांना माहितीय.

पहिला संशय अर्थात उचलाउचलीवर. जिन्यावरनं नेताना काहीतरी हललं असणार. पण त्याआधी सोपं काम म्हणून यूपीएस बाजूला करून थेट भिंतीच्या सॉकेटला वायर लावली, आणि चालू झाला! दिवसभर चालला. मी खूश, यूपीएसची बॅटरी गेलीय म्हणून निदान करून टाकलं आणि बायकोला सांगितलं पण. दुसऱ्या दिवशी सकाळी परत टक.

मग डबा उघडला. रॅम काढून खोडरबरनं पट्टी घासली (हे सगळ्यांना माहीत असलेलं औषध आहे, सोनेरी पट्टीवर काळपटपणा येतो तो निघतो), स्लॉटमध्ये फुंकर न मारता ब्रश फिरवला, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य पाटीवरचा) बटण सेल पाच मिनिटं काढून परत लावला, २४ पिनचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनचा दोन्ही काढून घट्ट बसवले. परत चालू झाला! आता मात्र मला खात्री की रॅमच होती. संध्याकाळी बंद केला, रात्री जेवून बसलो, टक.

म्हणजे बघा, मी जे काही करतोय ते एकदा लागू पडतंय. हे फार वाईट असतं. काहीच लागू पडलं नसतं तर मी लवकर शहाणा झालो असतो.

तिसऱ्या दिवशी प्रोसेसरवरचा फॅन. विचार असा की फॅन नीट चिकटलेला नसेल किंवा त्या दोघांमधली, उष्णता फॅनकडं नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. फॅन काढला, पेस्ट खरंच खडूसारखी झाली होती, पुसून नवीन लावली, तुरीच्या दाण्याएवढी. चालू झाला, टक. यावेळी एकदा पण लागू पडलं नाही.

मग दुकान. स्कूटरवर पायात डबा ठेवून, वर पोतं झाकून, पावसातनं विश्रामबागला एका रिपेअरवाल्याकडं. पोरगा हुशार होता, बाजूचा पत्रा काढलेलाच होता, त्यानं समोरच्या वायरी उपसल्या आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक मदरबोर्डच्या दोन पिनांना टेकवून चालू केला. एकदम झकास. दोन तास चालवून ठेवला, बंद करून परत त्याच स्क्रू ड्रायव्हरनं चालू केला, दहा वेळा. "काका, ह्याला काय झालेलं नाय. तुमच्या घरात अर्थिंग बघा." २०० रुपये दिले आणि घरी आलो. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं चालू केलं हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, हे लक्षात ठेवा, मी नाही ठेवलं.

घरी आल्यावर, टक.

वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर नाही, चांगला मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजलं, तीन व्होल्टच्या आसपास, म्हणाला एवढं चालतंय. त्याचे १५० आणि वर चहा.

आता उरला एसएमपीएस, म्हणजे डब्यातल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा. त्याची एक चाचणी असते, मदरबोर्डपासून सुटा करून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर यू आकाराच्या क्लिपनं जोडायची, म्हणजे त्याला वाटतं मदरबोर्डनं हुकूम दिला आणि तो सुरू होतो. (एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.) वायरमन होताच म्हणून त्याच्याच मीटरवर बघितलं, पिवळ्याला १२.१, लालला ५, केशरीला ३.३. पाच टक्के वरखाली चालतं, त्यामुळं हे आकडे एकदम शुद्ध. पण लोडशिवाय मोजलेले आकडे म्हणजे रिकाम्या ट्रॅक्टरची ओढ बघण्यासारखं, हे मला माहीत होतं, आणि याच अर्धवट ज्ञानानं घात केला. लोड आल्यावर मान टाकत असणार म्हणून २१०० रुपयांचा नवीन ४५० वॅटचा आणला, दीड तास घालवून वायरी ओवल्या, बटण दाबलं. चालू झाला. मी देवाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी टक.

त्यानंतर मी कॉम्प्युटर बंद करणंच सोडून दिलं. एकदा लागला की रात्रंदिवस चालूच ठेवायचा. दोन दिवस तसेच काढले, चार पार्ट्यांचं ३बी भरून टाकलं. तिसऱ्या रात्री लाईट गेली, यूपीएस मी आधीच अपराधी ठरवून काढून ठेवलेला, झालं.

बायको हे सगळं बघत होती. तिचा कॉम्प्युटरशी संबंध लाईट बिल भरण्यापुरता, पण ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, एकदा नीट लागला की हा दिवसभर बंद पडत नाही, मग बिघडलेला कसा म्हणायचा?" मी नेहमीप्रमाणं तुला त्यातलं कळत नाही असं काहीतरी बोललो. पण ते डोक्यात राहिलं. कारण खरंच, एसएमपीएस गेला असता किंवा प्रोसेसर तापत असता तर काम करताना मधेच कधीतरी बंद पडायला पाहिजे होता. तसा एकदाही पडला नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अचानक बंद पडल्याची ४१ नंबरची नोंद येते, ती पण लाईट गेल्याची एकच होती. म्हणजे जे काय व्हायचं ते विंडोज यायच्या आतच होत होतं.

१९ तारखेला संध्याकाळी कसाबसा चालू झालेला, एका बेदाणावाल्याचं काम चाललेलं, आणि टॅली अडकली. माऊस पण हलेना. अशावेळी आपण काय करतो, समोरचं बटण दाबून धरतो. धरलं. एक, दोन, तीन, चार. टक.

तोच आवाज. फॅनची तीच खाली जाणारी घरघर. मी बटणावर बोट ठेवून तसाच बसून राहिलो थोडा वेळ. बहुतेक कॉम्प्युटर बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की जबरदस्तीनं बंद होतात, मदरबोर्डमध्येच ती सोय असते, विंडोजचा संबंध नाही. मग माझा कॉम्प्युटर आठ दिवस हेच करत असेल तर? मी बोट काढतोय पण बटण बाहेर येतच नसेल तर?

मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तीन वेळा बघितलं. चार, चार, चार आणि थोडं. खराब पार्ट असं घड्याळ लावून बंद पडत नसतो.

समोरच्या पॅनेलमधनं मदरबोर्डवर येणारी पॉवर स्विचची दोन तारांची बारकी वायर उपसली आणि दुकानातल्या पोरासारखं स्क्रू ड्रायव्हरनं त्या दोन पिना टेकवल्या. चालू. बंद केला, परत चालू. पंधरा वेळा केलं, आई बाहेरच्या खोलीतनं विचारायला लागली काय टकटक चाललंय. वायरमन मीटर विसरून गेला होता, तो बीप मोडवर (दोन तारा जोडलेल्या असल्या की वाजतो) टाकून त्या वायरीला लावला, बटण दाबून सोडलं तर बीप थांबायला कधी दोन सेकंद, कधी सहा, एकदा तर तसाच वाजत राहिला. बीप चार सेकंदांच्या आत थांबला तर तो दिवस माझा, नाहीतर टक. माझं खोडरबर आणि यूपीएस लागू पडायचं गुपित एवढंच होतं.

पुढचं प्लास्टिकचं तोंड काढलं. बटणाच्या चारी बाजूच्या फटीत पिवळा-तांबडा थर, चिक्कीसारखा घट्ट. आधी कळेना हे काय. मग आठवलं. दर खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करते, विळी, कोयता, शिलाई मशीन, माझी गाडी, आणि कॉम्प्युटर. ओल्या बोटानं हळद-कुंकू, बरोबर बटणावर, कारण तिच्या मते तेच त्याचं कपाळ. २०१९ पासून दरवर्षी. वरनं मी पुसायचो तेव्हा उरलेलं फटीत जात होतं, आणि यावेळी पुराच्या हवेत वरच्या बंद खोलीत तीन दिवस ओलावा खाऊन ते फुगलं असणार. सांगलीची हळद, दुसरं काय.

स्पिरिटच्या बोळ्यानं साफ केलं पण बटणामागची प्लास्टिकची पट्टी, जी त्याला परत ढकलते, ती पण मऊ पडलीय, दहातनं एकदा अजून अडकतं. म्हणून सोपा मार्ग काढला, रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून टाकली. दोन्ही स्विच आतनं सारखेच असतात, दाबलं की जोडायचे, सोडलं की तोडायचे, तार उलटी-सुलटी लागली तरी फरक पडत नाही (लाईटच्या वायरीला मात्र पडतो). आता ते बारकं रीसेट बटण दाबून कॉम्प्युटर चालू करतो. २० तारखेला दुपारी चारपर्यंत सगळ्यांचं ३बी भरून झालं.

नवीन एसएमपीएस दुकानदारानं परत घेतला नाही, वापरलेला म्हणाला, त्याचं पण बरोबर आहे. जुना खोक्यात घालून माळ्यावर ठेवलाय. यूपीएस परत लावलाय, त्याला काही झालेलंच नव्हतं. बायको काही बोलली नाही, पण वायरमन मीटर न्यायला आला तेव्हा चहा देता देता त्याला सगळी गोष्ट तिनंच सांगितली, पहिल्यापासून.

आईला सांगितलं, यंदा खंडेनवमीला कुंकू पुढं नको, डब्याच्या मागच्या बाजूला लाव. ती म्हणाली, "पाठीला कुणी कुंकू लावतं का रे?"