फिरवलेल्या पैशाचा हिशेब

वर्षाचा पगार 14 लाखांचा आणि क्रेडिट कार्डाची बिलं 38 लाख 30 हजारांची. आर्थिक वर्ष 2022-23 ची ही फाइल ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सीए ऑफिसात आली ती आयकर खात्याची कलम 142(1) ची प्रश्नावली घेऊनच. अशील ऐरोलीला आयटी कंपनीत, राहायला घोडबंदर रोडला, कर्ज म्हणाल तर फक्त घराचं. खात्याचे प्रश्न दोनच: एवढी बिलं कुठून भरली, आणि बचत खात्यातली 13 लाख 72 हजारांची रोख कुठली?

पहिल्या प्रश्नात नवल काही नव्हतं. तेव्हाच्या आयकर नियम 114E प्रमाणे वर्षभरात कार्डाच्या बिलांपोटी 10 लाख किंवा जास्त (रोखीत 1 लाख किंवा जास्त) भरले, की बँक ते 31 मेपर्यंत आयकर खात्याला कळवायची आणि आकडा एआयएसमध्ये, म्हणजे करदात्याच्या नावावरच्या वार्षिक माहितीपत्रकात, येऊन बसायचा. तिथे नफा दिसत नाही, उलाढाल दिसते. कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट कमावण्यासाठी पैसा फिरवणारी मंडळी टक्का-दीड टक्क्याचं गणित मांडतात, आणि खात्यापुढे जाते ती पूर्ण रक्कम.

"मॅडम, खर्च केलाच नाही हो, पैसा नुसता फिरवला," अशील म्हणाला. त्याची एक्सेल शीट अगदी नेटकी होती. प्रत्येक व्यवहाराचे पॉइंट, कमिशन, निव्वळ फायदा, सगळं होतं. रोख मिळाली ती कुठे गेली, त्याचा रकाना मात्र नव्हता.

स्टेटमेंटं फोडली तेव्हा घरखर्च 4 लाख 60 हजार निघाला. गिफ्ट व्हाउचर 4 लाख 32 हजारांची. हा भाग स्वच्छ होता. बँकेच्याच पोर्टलवर व्हाउचरला जादा पॉइंट, महिन्याची मर्यादा ठरलेली, कोड ईमेलवर. काही घरी वापरली, काही ऑफिसातल्यांना त्याच किमतीत दिली, त्याचे यूपीआय जमा खात्यात दिसत होते. जाहीर सवलत मर्यादेत राहून घेतली, यात मला गैर काही वाटत नाही. फक्त बँक हे पदरचं देते या भ्रमात कुणी राहू नये. कार्ड घेणारा दुकानदार साधारण दीड-दोन टक्के सोडतो, आणि जो दर महिन्याला फक्त मिनिमम ड्यू भरतो तो वर्षाला 42 टक्क्यांच्या आसपास व्याज देतो. आपलं पॉइंटांवरचं विमानाचं तिकीट त्यातूनच निघतं.

पुढचे 5 लाख 88 हजार 'भाडं' म्हणून अ‍ॅपवरून सासऱ्यांच्या खात्यात गेलेले, महिना 49 हजार. 49 च का? महिन्याचं भाडं 50 हजारांच्या वर गेलं की भाडेकरूनेच टीडीएस कापायचा, तेव्हाचा दर 5 टक्के. सासऱ्यांचं घर भाड्याने दिलेलंच नव्हतं. पैसे चार दिवसांत परत यायचे. एचआरएची (घरभाडे भत्त्याची) करसूट मागितली नव्हती, हे नशीब, नाहीतर चुकीची माहिती दिल्याबद्दल 200 टक्के दंडाचा विषय झाला असता. तरी पेन्शनर सासऱ्यांच्या खात्यात वर्षभर 'रेंट' असा शेरा पडत राहिला, आणि ते आपलं उत्पन्न नाही हे उद्या त्यांना सांगावं लागेल. रिझर्व्ह बँकेच्या 15 सप्टेंबर 2025 च्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर (दुसऱ्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्या) निर्देशांनंतर हा रस्ता बहुतेक अ‍ॅपनी बंदच केला.

खरी गोम उरलेल्या 23 लाख 50 हजारांत. कोपरखैरण्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात कार्ड घासायचं, 2 टक्के कापून रोख घ्यायची, खात्यात भरायची, त्यातून बिल चुकतं करायचं, की लिमिट पुन्हा मोकळं. दर महिन्याला 2 लाखांचा एक स्वाइप, शेवटचा दीड लाखाचा. 150 रुपयांना 5 पॉइंट, म्हणजे विमानाच्या तिकिटाला पॉइंट 1 रुपयाने धरला तर 3.33 टक्के. वर्षाचे 78 हजार पॉइंट, कमिशन 47 हजार, हातात 31 हजार. तेच पॉइंट बिलात वळते केले तर 30 पैशांनी जातात, म्हणजे साडेतेवीस हजारांचा तोटा.

दुकानदाराला 2 टक्क्यांत काय परवडतं? मशीनचे चार्जेस जाऊन जवळजवळ काही उरत नाही. पण रोखीत, बिनबिलाचे विकलेले हँडसेट त्याला पुस्तकात कुठेतरी दाखवायचे असतात. ती बिलं आमच्या अशिलाच्या नावावर फाडलेली, फोनच्या आयएमईआय (ओळख) नंबरासकट. म्हणजे कागदावर याने वर्षभरात लाखोंचे मोबाइल घेतलेले, आणि ते फोन चालू दुसऱ्यांच्या हातात.

रोखीचे भरणे 49-49 हजारांचे होते, कारण तेव्हा दिवसाला 50 हजारांच्या वर रोख भरली की पॅन द्यावा लागायचा. शिवाय दोन बँकांत विभागलेले: एकीत 9 लाख 31 हजार, 10 लाखांच्या आत राहावेत म्हणून. दुसरीत ती मर्यादा ओलांडली आणि ती रक्कम कळवली गेली. प्रश्नावलीत सगळ्या खात्यांचे उतारे मागितले होते, त्यामुळे पहिलीही उघडी पडली. स्रोत पटला नाही तर दोन्ही बँकांतल्या मिळून 23 लाख 3 हजारांवर कलम 69A, आणि त्या वर्षाच्या दराने 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार, 4 टक्के सेस, एकूण 78 टक्के. सुमारे 18 लाख, कमाई जास्तीत जास्त 31 हजारांची.

दुपारी दुकानदाराचा निरोप अशिलाने पुढे केला: "मोबाइलचा धंदा दाखवा ना. 44AD मध्ये 8 टक्के नफा." 44AD म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायचा. ऐकायला सोपं. पण विवरणपत्रात धंदा नव्हता, सुधारित विवरणपत्राची मुदत संपलेली, आणि एकही फोन विकलेला नसताना नफा दाखवणं म्हणजे पहिल्या खोट्यावर दुसरं. मी नाही म्हटलं. अशिलानेच पाठवलेला, अमेरिकेत असाच कार्डावर पैसा फिरवणाऱ्या अनिकीव दांपत्याचा 2021 चा निकालही इथे कामाचा नव्हता. तिथल्या टॅक्स कोर्टाने गिफ्ट कार्डवरचं बक्षीस करमुक्त ठेवलं, मनी ऑर्डर आणि डेबिट कार्डाच्या रिलोडवरचं (त्यात पैसे भरण्यावरचं) करपात्र ठरवलं. आपल्याला पॉइंटांवर कर कुणी मागितलाच नव्हता, रोखीचा उगम विचारला होता.

मग ऑफिसात सीए शिकणाऱ्या आर्टिकलला बसवून तक्ता केला: बिल भरल्याची तारीख, स्वाइप, रोख भरणा. आधार मिळाला तो अनपेक्षित जागी. 2 लाखांचा स्वाइप, पाठोपाठ दोन-तीन दिवसांत 49 हजारांचे चार भरणे, म्हणजे 1 लाख 96 हजार. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पॅन टाळायला केलेले तुकडेच 2 टक्के कापून आलेला तोच पैसा असल्याचा पुरावा झाले. (आणि 1 लाख 96 हजार म्हणूनच 269ST मधून तो वाचला. एका दिवसात एकाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेतली असती तर तेवढाच दंड.) प्रतिज्ञापत्रात जे झालं ते लिहिलं, बिलं खोटी आहेत हेही.

बँकेने कार्ड आधीच बंद केलं होतं. बिल चुकतं झालं की त्याच मशीनवर गोल आकड्याचा, लिमिटला टेकणारा स्वाइप, हा नमुना त्यांची सिस्टिम सहज पकडते. शिल्लक पॉइंट गेले.

आदेशात शेवटचे तीन भरणे मान्य झाले नाहीत, कारण ते स्वाइपनंतर आठवड्याने झाले होते. 1 लाख 47 हजारांची भर पडली, कर 1 लाख 15 हजारांच्या आत, व्याज वेगळं. अशिलाने अपील न करता भरला. दुकानदाराचं नाव वगळता येईल का, हे त्याने प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी विचारलं होतं. वगळता येत नव्हतं. जोडलेल्या प्रत्येक बिलावर दुकानदाराचा जीएसटी नंबर छापलेला होता.