त्याची पिशवी फाटकी आहे

‘ट्वेल्थ फेल’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा 2024च्या जानेवारीत, मोबाईलवर, कानात हेडफोन घालून, एकटीनं. दुसऱ्यांदा 2025च्या ऑगस्टमध्ये, त्याला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तेव्हा, आण्णांना शेजारी बसवून. जालन्याच्या बाजूला आमची पिठाची गिरणी आहे. म्हटलं, आण्णा, बघा तरी, यातला हिरो गिरणीत कामाला असतो.

विक्रांत मॅसीचा मनोज चंबळमधून निघून दिल्लीच्या मुखर्जीनगरात येतो, चक्कीवर राबतो आणि उरलेल्या वेळात यूपीएससीचा अभ्यास करतो. केस, पापण्या, सगळं पांढरं. मला पहिल्या वेळी इथं भरून आलं होतं. आण्णा मात्र पुढं सरकून नीट बघायला लागले. म्हणाले, “एवढं पीठ तोंडावर येतंय म्हंजे त्याची पिशवी फाटकी आहे.” चक्कीच्या तोंडाला जी कापडी पिशवी बांधतात, ती. मग थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला.

मीपण बारावी नापास. 2009, सायन्स, फिजिक्स राहिला. मनोजच्या शाळेत मास्तरच कॉप्या पुरवतात, एक डीएसपी येऊन ते बंद करतो आणि सगळा वर्ग आपटतो. माझ्या नापास होण्याला असलं काही नाट्य नव्हतं. दहावीपर्यंत ‘संवेग’ शिकलेली मी अकरावीत इंग्रजीतून बसले आणि वर्षभर ‘मोमेंट’ आणि ‘मोमेंटम’ एकच समजत राहिले. सरांना घाईत शेवटचं अक्षर खायची सवय असेल असं वाटायचं! म्हणून मनोज घाईघाईत ‘टेररिझम’चं ‘टुरिझम’ वाचतो आणि दहशतवादाऐवजी पर्यटनावर निबंध लिहून बसतो, तेव्हा मला हसू आलं नाही. पोटात गोळा आला.

आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग. लाईट रात्री यायची, त्यामुळं गिरणीही रात्रीच. आण्णा दिवसभर शेतात असायचे, म्हणून रात्रीची दळणं माझ्याकडं. ऑक्टोबरच्या वारीचा, म्हणजे फेरपरीक्षेचा, सगळा अभ्यास मी तिथंच केला. लोकांना वाटतं त्या आवाजात वाचायचं कसं. आवाजाचं काही नसतं, तो एकसुरी असतो, सवय होते. त्रास होतो तो दळण संपत येतं तेव्हा. दाणा कमी झाला की दगडांचा सूर चढतो, तेवढ्यात हात घालून दगड सैल करावे लागतात, नाहीतर दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच येते. म्हणजे डोळे पुस्तकात आणि कान चक्कीत. शिवाय बाजरीच्या मागून कुणाचे गहू टाकले तर ती बाई सकाळी पीठ घेऊन दारात भांडायला हजर. सिनेमात हे काही दाखवलेलं नाही. दाखवायला पाहिजे होतं असंही नाही, पण मी ते शोधत होते.

ऑक्टोबरला फिजिक्स निघाला. बीए केलं, मग पुणं. सदाशिव पेठेत सहाजणींची एक खोली, अभ्यासिकेतली एक खुर्ची, मेसची पातळ आमटी. पीएसआयची पूर्व दोनदा पास झाले. मुख्यला मराठी-इंग्रजीच्या पेपरानं दोन्ही वेळा खाल्लं, दुसऱ्यांदा तीन मार्कांनी. 2017च्या दिवाळीला घरी आले, चकलीच्या भाजणीची गर्दी होती, आण्णांची कंबर धरलेली. आठ दिवस थांबते म्हणाले होते.

सिनेमात गौरीभय्या म्हणून एक आहे. त्याचे अटेम्प्ट संपतात, तो चहाची टपरी टाकतो, तिचं नाव ‘रीस्टार्ट’ ठेवतो आणि दुसऱ्या पोरांना वर ढकलत राहतो. सगळ्यांना तो आवडतो. मलाही. पण मला त्याचा थोडा रागही येतो, कारण तो सारखा प्रसन्न असतो. पुण्यात बरोबर राहिलेली एक मैत्रीण पीएसआय झाली, तिचा वर्दीतला फोटो आला, तेव्हा मी अंगठा पाठवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. गौरीभय्याचा असा एखादा दिवस दाखवला असता तर मी तो सीन मागं घेऊन घेऊन पाहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडताना आण्णांनी विचारलं, “माय, रात्रीच्या त्या पोराचं पुढं काय झालं?”

“आयपीएस झाला. खरा माणूस आहे तो. आपल्याच महाराष्ट्र केडरचा.”

“हां.” त्यांनी पत्र्याचा डबा काट्यावर ठेवला, वजन बघितलं, खडूनं डब्यावर आकडा टाकला. “मग त्याची गिरणी आता कोण बघतंय?”

मी पट्टा चढवला आणि स्टार्टर दाबला.