तुम्ही विचारलंत म्हणून: चार्जर लावून ठेवू की काढू?

दुरुस्त झालेला लॅपटॉप बॅगेत कोंबता कोंबता जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, दिवसभर चार्जिंगला लावून ठेवला तर चालतो ना? ओव्हरचार्ज होऊन बॅटरी जाते म्हणे."

ओव्हरचार्ज होत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग तोडतं आणि लॅपटॉप थेट अ‍ॅडॅप्टरवर चालतो. बॅटरी तेव्हा नुसती तुडुंब भरून बसलेली असते. घोळ त्या भरून बसण्यातच आहे, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे त्यात उन्हाची भर पडते.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. तिथे तो जास्त वेळ राहिला की आतलं रसायन हळूहळू बिघडतं. सेलच्या ऋण टोकाला ग्रॅफाइट असतं, त्यावर एक थर असतो, तो जाड होत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि पुन्हा कामाला येत नाही. उष्णता वाढली की हेच सगळं झपाट्यानं होतं. बॅटरी पूर्ण भरून २५ अंशांत वर्षभर ठेवली तर ढोबळमानानं २० टक्के क्षमता जाते. ४० अंशांत ठेवली तर ३५. तीच ४० टक्केच भरून ठेवली, तर ४० अंशांतही १५ टक्क्यांवर भागतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लॅपटॉपच्या पोटात त्याहून जास्त.

म्हणून मेमध्ये दुकानात एक तक्रार हमखास येते: "चार्जर खराब झाला, प्लग्ड इन नॉट चार्जिंग दाखवतंय." बऱ्याचदा चार्जर ठणठणीत असतो. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास तापली की बहुतेक लॅपटॉप चार्जिंग स्वतःहून थांबवतात. कूलरसमोर अर्धा तास बंद ठेवला की आकडा पुन्हा चढायला लागतो. आमच्याकडे रावेरचे एक केळीचे व्यापारी येतात. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये एक अंश इकडचा तिकडे झाला तर माणसांवर ओरडतात, आणि हिशेबाचा लॅपटॉप मात्र पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, शंभर टक्के चार्ज! त्यांचा बॅटरी रिपोर्ट काढला (कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग स्पेस देऊन 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' टाकलं की विंडोज तो बनवून देतं). डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची) हे दोन आकडे शेजारी वाचून दाखवले. क्षमता निम्म्यावर आली होती. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप शेडमधून घरात आला.

तर उत्तर असं, की चार्जर खुशाल लावून ठेवा, फक्त ८० टक्क्यांवर थांबवा. लेनोव्होत कन्झर्व्हेशन मोड, असूसमध्ये मायआसूस अ‍ॅपातली बॅटरीची सेटिंग, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बॅटरी हेल्थ मॅनेजर. मॅकबुक स्वतःच सवय ओळखून जमेल तेव्हा ८० वर थांबतो. गादीवर ठेवून काम करू नका, खालची जाळी बुजते. उभ्या गाडीत ठेवून लग्नाला तर मुळीच जाऊ नका.

इथे खेड्यातली पोरं बरोबर अडवतात. "भाऊ, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, ८० वर ठेवून कसं जमेल?" त्यांचं खरं आहे. ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही आणि उद्या ऑनलाइन पेपर आहे, त्यानं १०० टक्केच भरावी. बॅटरी वापरासाठी घेतलीय, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. फक्त भरून झाल्यावर ती वापरा, आठवडाभर तशीच भरलेली ठेवू नका.

"पूर्ण उतरवून मगच चार्ज करा" हा सल्ला अजून फिरतो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, तिला असं शून्यावर नेणं उलट त्रासाचंच. कधीतरी एकदा पूर्ण उतरवली तर टक्क्यांचा आकडा खरा दाखवू लागतो, बॅटरी सुधारत नाही.

टचपॅडचं क्लिक दबत नसेल किंवा तो एका बाजूनं वर उचलला गेला असेल, तर मात्र हे सगळं विसरा. खाली बहुधा बॅटरी फुगलेली असते, आत वायू साठलेला असतो. चार्जिंग तिथेच थांबवा. वरून दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. नवीन घेताना स्वस्तातली डुप्लिकेट नको, आणि ओरिजिनल असली तरी तिच्यावरची तारीख बघा. दोन-तीन वर्षं गोदामाच्या उकाड्यात पडून राहिलेली 'नवी' बॅटरी माझ्या हातात बऱ्याचदा आलीय. खोक्याचं सील तेवढं शाबूत असतं.