मंडळीतल्या मोठ्यांचीही राखण हवी

चर्चच्या संडे स्कूलसाठी सुरक्षेचे नियम करायचे म्हटलं की कमिटीत फारसा वाद होत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचा धाक आहे, पालकही विचारतात. पण आजाऱ्यांच्या भेटी, विधवांची सेवा, समुपदेशन, घरगुती प्रार्थनासभा यांच्यासाठी नियमांचा विषय काढला की 'मोठी माणसं आहेत, त्यांचं त्यांना कळतं' असं उत्तर येतं. कळतं हे खरंच. पण अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे दर आठवड्याला येणारा माणूस एकच असेल, औषधं तोच आणत असेल आणि पेन्शनही तोच काढून देत असेल, तर त्याच्याविरुद्ध बोलल्यावर आपलं काय होईल हेही तिला कळतं. म्हणून ती गप्प बसते.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत प्रौढांना धोका असतो तो मुख्यतः घरच्या आतल्या खोलीत, पैशाच्या व्यवहारात आणि एकांतातल्या समुपदेशनात. नियम तिथूनच सुरू करावेत.

भेटीला दोघांनी जावं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेत गरिबांच्या घरी जोडीने जाण्याची रीत जुनीच आहे, तीच आजाऱ्यांना प्रभुभोजन (उपासनेतली पवित्र भाकर) नेणाऱ्यांनी आणि महिला मंडळाने उचलावी. मात्र नवरा-बायको ही यासाठी 'दोन माणसं' धरू नयेत. एकाची चूक दुसरा सहसा बोलून दाखवत नाही. जोड्या दर तीन महिन्यांनी बदलाव्यात. खोलीचं दार उघडं असावं, घराची किल्ली कोणाही सेवकाने जवळ ठेवू नये. एका साध्या वहीत तारीख, आत-बाहेरची वेळ, कोण गेलं, घरात कोण होतं, काय दिलं-घेतलं एवढंच लिहावं. प्रार्थनेचे विषय त्यात नकोत. 'घरात कोण होतं' हा रकाना बिनकामाचा वाटतो, पण सहा भेटींनंतर कळतं की आजींशी एकांतात कोणी बोलूच देत नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सूनबाई किंवा मुलगाच देतो. जोडीने जाण्याचा दुसरा फायदा इथे होतो: एकाने स्वयंपाकघरात घरच्यांशी बोलत बसावं, दुसऱ्याने खाटेशी.

खाटेशी बसणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या हाडांवर जखमा झाल्या असतील तर कूस बदलली जात नाहीये. साधारण दर दोन तासांनी ती बदलावी लागते. ओठ सुकलेले, नखं वाढलेली, गेल्या महिन्याची गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी, ही दुर्लक्षाची लक्षणं. निळे डाग दिसले म्हणजे मारहाणच, असं मात्र धरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर म्हातारपणी नुसत्या धक्क्यानेही डाग पडतात. दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांच्या ठशांसारखे डाग असतील तर ती गोष्ट वेगळी. शरीरावर कुठे, केवढा, कोणत्या रंगाचा, एवढं लिहून ठेवावं. निदान करणं आपलं काम नाही.

पैशाबाबत सर्वात जास्त ढिलाई दिसते, कारण तिथे वाईट हेतू नसतानाही घोळ होतो. एटीएमचा पिन कोणाही सेवकाला ठाऊक नसावा. पेन्शन काढायला मदत हवीच असेल तर बँकेतून घरपोच सेवेची चौकशी करावी. सत्तरीपुढच्यांसाठी आणि अपंगांसाठी ती देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेल्या आहेत. उसने पैसे देणं-घेणं पूर्ण बंद. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) किंवा देणगी घरून आणली तर पावती त्याच आठवड्यात, आणि पावतीपुस्तक भेटीला जाणाऱ्याकडे नसावं. सेवकाला मिळणाऱ्या भेटवस्तूंवर मर्यादा घालावी. ५०० रुपये ठीक वाटतात. त्यावरचं नम्रपणे परत करावं.

मृत्युपत्र हा तर वेगळाच विषय. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्रातून दिलेली देणगी रद्द ठरते, बाकी मृत्युपत्र टिकतं. हे चर्चच्या बऱ्याच सेक्रेटरींना माहीत नसतं. याच कायद्याचं कलम ११८ ख्रिस्ती माणसाने मरणाच्या तोंडावर धर्मादाय कामाला मिळकत देण्यावर बंधन घालत होतं. भेदभाव करणारं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते २००३ मध्ये रद्द केलं. निकाल योग्यच होता, पण ओघाने एक कुंपणही गेलं. तेव्हा मंडळीने स्वतःचं कुंपण घालावं: ज्यात चर्चला किंवा सेवकाला लाभ आहे अशा मृत्युपत्राच्या वेळी पाळक, फादर किंवा कमिटीचा सभासद खोलीत नसावा, आणि वकील त्या व्यक्तीने स्वतः निवडलेला असावा. 'तुम्हाला सांभाळीन' म्हणून कोणी घर बक्षीसपत्राने लिहून घेत असेल तर सांभाळण्याची अट दस्तात स्पष्ट लिहायला सांगा. अट मोडली तर साठीपुढच्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे तो व्यवहार रद्द करून मागता येतो. हे न्यायाधिकरण सहसा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात असतं.

आरोग्यासाठीच्या प्रार्थनेबद्दल बोलायला लोक कचरतात. हात ठेवण्याआधी विचारावं, हात डोक्यावर किंवा खांद्यावरच असावा, आणि प्रार्थनेनंतर 'आता गोळ्या नकोत' हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू नये. मधुमेह, फिट्स आणि मानसिक आजाराची औषधं अचानक बंद केली की काही दिवसांतच माणूस दवाखान्यात पोहोचू शकतो. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे; सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे आणि कायदा धर्म पाहत नाही. मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरसकट मनाई केली आहे.

समुपदेशन चर्चच्या इमारतीत, काचेची पट्टी असलेल्या दाराच्या खोलीत, बाहेर कोणीतरी असताना आणि ठरलेल्या वेळेत व्हावं. चार ते सहा बैठकांत मार्ग निघाला नाही तर प्रशिक्षित व्यक्तीकडे पाठवावं. रात्री उशिराचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप ही घसरणीची पहिली पायरी असते. 'दोघंही सज्ञान आहेत' हा बचाव इथे लंगडा पडतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून आपल्या देखरेखीखालच्या स्त्रीशी ठेवलेल्या संबंधाला, तो बलात्कार ठरत नसला तरी, पाच ते दहा वर्षांची शिक्षा सांगतं.

आता कोणी काही सांगितलं तर काय करायचं. लहान मुलांबाबत पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. प्रौढांसाठी असा सरसकट नियम नाही, आणि ते बरोबरच आहे; आपल्याबद्दल काय करायचं ते ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. पण जिवाला धोका असेल, त्याच माणसाकडून इतरांनाही धोका असेल, किंवा निर्णय समजण्याची क्षमताच नसेल, तर संमतीची वाट पाहू नये. मानसिक रुग्णाला सांभाळणारेच छळत किंवा हेळसांड करत असतील तर पोलीस ठाण्यात कळवणं मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०१ ने प्रत्येकावर टाकलेलं काम आहे. अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती २०१६ च्या कायद्याखाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं. तहसीलदारांना हे अधिकार असतात.

ऐकताना गुप्ततेचं वचन देऊ नये. 'आजी, सांगितलंत ते बरं केलंत. हे मला एका व्यक्तीला सांगावं लागेल, ती कोण तेही तुम्हाला सांगते,' इतकं पुरे. 'त्याने हात लावला का?' असं तोंडात शब्द घालणारं विचारू नये. 'मग काय झालं?' एवढंच विचारावं. त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहावं आणि सही करावी. अशा तक्रारींसाठी मंडळीने नेमलेल्या व्यक्तीला ते २४ तासांच्या आत द्यावं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला 'जरा विचारून बघू' म्हणून फोन करू नये, पुरावा तिथेच संपतो. लैंगिक अत्याचार असेल तर अंघोळ न करता रुग्णालय गाठावं, कपडे प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत, कारण ओलाव्याने नमुना खराब होतो. प्रथमोपचार मोफत देणं खासगी रुग्णालयावरही बंधनकारक आहे. एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, पोलीस हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले तर ऐकू नये.

इथे हमखास बायबलमधलं एक वचन पुढे येतं: मत्तय १८:१५, भावाशी एकांतात बोल. ते दोन बरोबरीच्या माणसांच्या भांडणासाठी आहे. जिला मारलं, लुटलं तिला त्याच माणसासमोर एकटीला बसवणं म्हणजे वचनाचा आधार घेऊन पुन्हा घाव घालणं. क्षमा करायची की नाही हा तिचा आणि देवाचा प्रश्न. तक्रार मागे घेण्याची ती अट होऊ शकत नाही. कॅथलिक धर्मग्रामांत आणखी एक बारकावा आहे. पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, म्हणून मदत मागायची असेल तर तीच गोष्ट बाहेर, कार्यालयात सांगायला त्यांनी सुचवावं. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांनुसार दुर्बल प्रौढांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती धर्मगुरूंनी व व्रतस्थांनी (ब्रदर, सिस्टर) वरिष्ठांना कळवायचीच असते, आणि तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालता येत नाही.

नेमलेली व्यक्ती पाळकांची पत्नी, मेहुणा किंवा खजिनदार नसावी. तिघांची समिती पुरते, त्यात निदान एक बाहेरची वकील किंवा समाजसेविका आणि निदान दोन स्त्रिया. मिशनच्या शाळेत वा दवाखान्यात दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर पॉश कायद्याची (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) अंतर्गत समिती वेगळी लागतेच. तिच्याकडे तक्रारीची मुदत तीन महिने, कारण दिल्यास आणखी तीन. आरोप असलेल्याला चौकशी होईपर्यंत त्या सेवेतून बाजूला ठेवावं. हा निकाल नव्हे, आणि तसं मंडळीला स्पष्ट सांगावं. गुपचूप दुसऱ्या गावी बदली मात्र कधीही नको. नव्या सेवकाकडून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्यावं, पण त्यात फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात, म्हणून आधीच्या मंडळीला फोन करून 'याला पुन्हा घ्याल का?' हा एकच प्रश्न विचारावा. उत्तराआधी समोरचा किती वेळ थांबतो तेही ऐकावं.

सूचनाफलकावर समितीतल्या दोघांचे फोन आणि हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा: ११२ तातडीसाठी, १४५६७ ज्येष्ठांसाठी, १८१ स्त्रियांसाठी, १४४१६ मानसिक आधारासाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी. स्त्रियांना ही कायदेशीर मदत उत्पन्न न पाहता मिळते. घराबाहेर न पडणाऱ्यांना फलक दिसत नाही, त्यांच्यासाठी हेच क्रमांक छोट्या कार्डावर छापून औषधांच्या डब्यात ठेवावेत.