माझा अनुभव: आमच्या सोसायटीचा पुनर्विकास

नाशिकच्या शरणपूर रोडला, पंडित कॉलनीलगत आमची तीन मजली सोसायटी. बांधकाम 1984 चं, लिफ्ट नाही, गच्ची गळकी, पार्किंगच्या खांबांतलं लोखंड उघडं पडलेलं. 2020 च्या डिसेंबरात नवी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नवे नियम, आले. शेजारचे बंगले पाडून त्या जागी टॉवर उभे राहू लागले आणि आमच्याकडेही बिल्डरांचे फोन सुरू झाले. सभासद एकच विचारायचे, "किती टक्के वाढीव जागा मिळणार?" सेक्रेटरी म्हणून माझं म्हणणं ठाम होतं: टक्क्यांचं नंतर, आधी जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघू.

जमीन आमच्या नावावर नव्हतीच. मूळ बिल्डरने कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करणारा दस्त, करून दिलं नव्हतं. ते वारलेले, वारस पुण्यात, पत्राला उत्तर नाही. म्हणून 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेअन्सचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला; बिल्डर दस्त करून देत नसेल तर यात आदेशाने जमीन सोसायटीच्या नावे होते. प्रत्येकाचा नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड (जमिनीचा मालकी उतारा) असं सगळं जोडावं लागतं. काहींचे मूळ करार घरात सापडेनात, तेव्हा निबंधक कार्यालयातून प्रमाणित नकला काढल्या. वारसांना नोटीस गेली, पेपरात जाहीर नोटीस आली, सुनावणी झाली, आदेश मिळाला. आदेश हातात पडला की संपलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यानंतर मुद्रांकाचा अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), दस्ताची नोंदणी आणि सिटी सर्व्हेत फेरफार (मालकाच्या नावातला बदल) हे सगळं असतंच. प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव लागेपर्यंत बिल्डरशी बोलणी करू नका, हे मी प्रत्येक जुन्या सोसायटीला कळकळीने सांगतो.

पुढचा रस्ता सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ चा. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात तो नीट आखून दिलाय. आधी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, मग निविदा. बिल्डर निवडायच्या सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती लागते, निबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण होतं आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची लेखी संमती लागते. आमचं काम यात बिनबोभाट झालं.

खरी ओढाताण झाली ती कार्पेट एरियाच्या, म्हणजे घरातल्या वापराच्या जागेच्या मोजणीत. सल्लागाराचा इंजिनिअर लेझर मीटर घेऊन घरोघर फिरला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बाल्कनी कधीच हॉलमध्ये घेतलेली. मधली भिंत गेली, टाइल्स एकसारख्या, पूर्वी तिथे बाल्कनी होती हे सांगूनही खरं वाटू नये. इंजिनिअरने मंजूर नकाशा जमिनीवर पसरला आणि पेनने रेघ दाखवली, "काका, हॉल इथपर्यंत." काका भडकले, "अहो, तीस वर्षं मी तिथे बसून पेपर वाचतोय!" त्यांचा राग मला कळत होता. पण एकाची बाल्कनी हॉल म्हणून धरली, तर ज्यांनी नियम पाळून ती उघडी ठेवली त्यांच्यावर अन्याय. शेवटी सगळ्यांना मंजूर नकाशाचंच माप लावायचं ठरलं. बाल्कनीचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहिला आणि प्रत्येकाच्या सहीचा तक्ता नोटीस बोर्डावर लावला. काकांनी दोन दिवसांनी सही केली. त्या तक्त्यामुळे पुढे एकही वाद झाला नाही.

विकसन करारावर आम्ही भरपूर वेळ घातला. शासन निर्णयाप्रमाणे प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी मागता येते. तिचं नाव काढताच एका बिल्डरने बोलणीच थांबवली, बरंच झालं. सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय घरं रिकामी करायची नाहीत, हेही लिहून घेतलं.

मात्र सगळ्यात मोलाचा प्रश्न तळमजल्यावरच्या काकूंनी विचारला. "अरे, घर मोठं मिळेल रे, पण पेन्शनमधून महिन्याला किती द्यायचे तेवढं सांग." तोवर मेंटेनन्सचा विषय कुणी काढलाच नव्हता. उंच इमारत म्हणजे दोन लिफ्ट, जनरेटर, फायर पंप, स्प्रिंकलर. 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. एवढा खर्च तीन मजल्यांच्या इमारतीत कुणी पाहिलेला नसतो. काहींना कॉर्पस फंड, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, रोख वाटून हवा होता. मी सभेत त्याला कडाडून विरोध केला. तो सोसायटीच्या नावे ठेवीत राहील आणि त्याच्या व्याजातून जुन्या सभासदांचा मेंटेनन्स वळता होईल, असं कलम आम्ही करारात घालून घेतलं. हात वर करून मतदान झालं तेव्हा रोख मागणाऱ्यांपैकीही काही हात वर आले.

सध्या जुनी इमारत पाडून झालीय, बेसमेंटचं खोदकाम चालू आहे आणि काळा पाषाण लागल्याने ब्रेकरचा आवाज दिवसभर असतो. काकू लेकीकडे इंदिरानगरला राहतात, त्यांच्या खात्यात बिल्डरकडून भाडं दर महिन्याला वेळेवर जमा होतंय.