दऱ्या आणि दर्या

आधी बातमी सांगते, कारण २१४ जणांनी पैसे भरून ठेवलेत आणि रोज कुणी ना कुणी विचारतंय. माझ्या कॉमिकचं पुस्तक आठ दिवस उशिरा येणार आहे. छपाई मीच थांबवली. त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मी ठाण्यात घरी बसून ऑनलाइन कॉमिक काढते, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली आजी आणि तिचा टॉवरमध्ये वाढलेला नातू. दर शुक्रवारी एक भाग, एका भागाला वीस-बावीस तास. वाचायला फुकट आहे आणि फुकटच राहणार. आधी बरेच वाचक महिन्याला शंभर-दोनशे रुपये द्यायचे, पण ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांचे नियम बदलले आणि त्यातल्या पुष्कळांचे पैसे जायचेच बंद झाले, त्यांना कळलंही नाही. म्हणून यंदा पुस्तक काढायचं ठरवलं. ९६ पानं, २५० रुपये, आगाऊ नोंदणी.

लोकांना वाटतं कॉमिक तर तयारच आहे, प्रिंट मारायची फक्त. मोबाईलवर जी पट्टी तुम्ही बघता ती ८०० पिक्सेल रुंद असते. छपाईला ३०० डीपीआय लागतात, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, त्यामुळे ती कागदावर जेमतेम पावणेसात सेंटीमीटर भरते. त्यामुळे प्रत्येक चौकट मूळ फाइलमधून परत काढायची, उभी पट्टी कापून पानात बसवायची, फुग्यांतला मजकूर नव्याने टाकायचा. पहिल्या ४८ पानांचं लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरं, हाताने केलेलं होतं. पुढे मनगट दुखायला लागलं म्हणून फॉन्ट वापरला, आणि सगळं घडलं ते इथेच.

प्रेस तुर्भे एमआयडीसीत. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून नऊला पोचले. १६ पानांचा एक फॉर्म, असे सहा, त्यातले तीन आदल्या दिवशी झालेले. चौथ्यात माझं सगळ्यात लाडकं पान होतं, ५३ नंबर. संध्याकाळची खाडी आणि त्यात उतरलेले फ्लेमिंगो. स्क्रीनवरचा तो गुलाबी छपाईच्या चार शाईंत मिळतच नाही, मरगळतो. मी आणि मशीनमन काका तासभर त्याच्या मागे होतो, मॅजेंटा थोडा वर, पिवळा खाली, परत शीट काढ, भिंग लावून रजिस्टर बघ, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नीट बसलेत का ते. शेवटी तो रंग असा आला की मी टाळीच वाजवली. काकांनी पेन दिलं, मी शीटवर सही केली. सही झाली की जबाबदारी गिऱ्हाइकाची, हा तिथला नियम. सहाशे शीट म्हणजे मशीनला पाच-सात मिनिटांचं काम, बघता बघता पुढची बाजू छापून झाली.

मग चहा आला. काका ग्लास हातात धरून त्या शीटकडे बघत उभे होते. म्हणाले, "ताई, एक विचारू का? ही म्हातारी वेडी दाखवलीय का?"

मला कळेना. त्यांनी बोट ठेवलं. नातू ट्रेकवरून आलाय, सह्याद्रीच्या दऱ्यांचे फोटो दाखवतोय, आणि आजी खाडीकडे हात करून म्हणते, "दऱ्या कसल्या बगतंस रं, दर्या बग!" सगळं पान त्या एका वाक्यावर उभं आहे. छापलं काय होतं? "दर्या कसल्या बगतंस रं, दर्या बग!" दोन्हीकडे तोच रफार.

मराठी टाइप करणाऱ्यांनी हे नीट वाचा. 'दऱ्या'तला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. माझ्या बोटांना वर्षानुवर्षं दुसरी सवय. डीटीपीवाल्याला मी सांगितलं होतं की जास्तीच्या स्पेस काढून टाक, त्याने फाइल क्लीन करताना न दिसणारी सगळीच चिन्हं उडवली. दऱ्यांचा समुद्र झाला. त्या एका बाजूवर अशा सात जागा सापडल्या. फायनल पीडीएफ मी तीनदा बघितली होती, तीनही वेळा रंग बघितले.

काकांना विचारलं, तुम्हाला कधी दिसलं? ते जरा थांबले. "पहिल्याच शीटला." मग का नाही बोललात? तर कधीकाळी एका कॅलेंडरात त्यांनी चूक दाखवली होती, तेव्हा गिऱ्हाईक सगळ्यांसमोर म्हणालं होतं, तुझं काम छापायचं, वाचायचं नाही. तेव्हापासून ते मजकुराबद्दल बोलत नाहीत. "पण मी दिवाळे गावचा, कोळीवाड्यातला. आमच्या म्हातारीच्या तोंडी असं बरं नाही वाटलं."

मला याचा राग येतो, आणि तो काकांवर नाही. एवढी वर्षं मराठी छापणारा माणूस, चार फूट अंतरावरून रफार पकडणारी नजर, आणि त्याला गप्प बसवलंय. पुस्तकात लेखक, प्रकाशक, मुद्रक सगळ्यांची नावं असतात, मशीनमनचं कुठेच नसतं. मी टाकू का विचारलं तर नको म्हणाले.

प्रेसचे शेठ म्हणाले, ताई, कुणाच्या लक्षात येणार नाही, फार तर शुद्धिपत्रक घाला. त्यांचंही बरोबर, सही माझी होती. पण विनोदाला शुद्धिपत्रक लावून चालत नाही. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते आणि मजकूर फक्त काळ्या शाईत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मिळून दोनच प्लेट नव्या लागणार होत्या, पण छापलेली सहाशे शीट रद्दीत, परत कागद, परत मशीनचा चार्ज. साडेपाच हजार. मी तिथेच हो म्हटलं.

आता तेच मनात घोळतंय. ते पैसे तुमचे आहेत. तुम्ही ५३,५०० रुपये दिलेत, खर्च आधीच ६२,००० होता, आता ६७,५०० झाला. तुम्हाला विचारून ठरवायला हवं होतं का? विचारलं असतं तर कदाचित निम्मे म्हणाले असते, जाऊ दे, छाप. तरी मी छापलं नसतं. हे माझ्या मनाला इतकं पक्कं ठाऊक आहे, मग विचारण्याला तरी काय अर्थ होता, इथे येऊन मी अडकते.

तर मागणी सरळ आहे. १४,००० रुपये कमी आहेत, म्हणजे अजून ५६ जणांची नोंदणी. ५०० प्रती निघतायत, त्यामुळे प्रती भरपूर आहेत. कोळीवाड्यातल्या, खाडीकाठच्या कुणाला द्यायला घेतलंत तर मला फार आनंद होईल. आणि माझी सही कापून चौकटी फिरवणाऱ्या पेजवाल्यांनो, निदान या वेळी नाव राहू द्या, त्या चौकटीमागे किती हात आहेत ते आता वाचलंत.

ज्यांना उशीर चालणार नाही त्यांचे पैसे लगेच परत करेन, फक्त कळवा.

नवी काळी प्लेट त्याच दिवशी संध्याकाळी आली. काकांनी पहिली शीट टेबलावर पसरली, पेन मात्र स्वतःच्या खिशातच ठेवलं. "आधी वाचून दाखवा." बाजूचं मशीन चालू होतं, म्हणून मी ओरडून आठही पानं वाचली. ५३ वर आल्यावर ते हसले आणि मग पेन दिलं.

पाचवा आणि सहावा फॉर्म गुरुवारी लागतोय. काका दुसऱ्या पाळीला आहेत, म्हणून मी दुपारची वेळ मागून घेतलीये. दोन्ही फॉर्मचे प्रूफ त्यांच्याकडे आधीच दिलेत.