मग माणसं कुठं गेली?

रविवार, रात्री अकरा

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई माझ्याकडेच आहे. साडेआठला तिची मालिका संपते, मग रिमोट माझा, असा आमचा करार. आणि माझं म्हणजे स्कॉटलंडचे प्रवास-कार्यक्रम. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर टॉम वीअर सापडले आणि हे वेड लागलं. गोंड्याची लोकरी टोपी घातलेला बुटका म्हातारा. १९७६ पासून दहाएक वर्षं एसटीव्हीसाठी (आपली एसटी नव्हे, स्कॉटिश टेलिव्हिजन) डोंगरदऱ्या तुडवत फिरला. ना ड्रोन, ना कानठळ्या बसवणारं संगीत. आई त्यांना 'टोपीवाले काका' म्हणते. काका २००६ मध्येच गेले, लॉक लोमंड या तळ्याच्या काठावर बालमाहा गावात आता त्यांचा पुतळा आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

'लॉक' लिहिलं खरं, पण स्कॉटिश माणूस शेवटी घसा खरवडून 'ख'च्या जवळचा आवाज काढतो. इंग्रजांची तिथं पंचाईत होते. आईनं पहिल्या फटक्यात म्हटलं, "लॉख."

आज पॉल मर्टन या निवेदकाच्या कार्यक्रमाचा एक भाग लावला. या गृहस्थाची तऱ्हा मला आवडते. हातात एकोणिसाव्या शतकातलं प्रवाशांसाठीचं जुनं गाईडबुक घ्यायचं आणि त्यातल्या वाटेनं आज निघायचं. मी वाक्यावाक्याला थांबवून आईला मराठीत सांगते, त्यामुळे अर्ध्या तासाचा भाग तासभर चालतो. आई मटार सोलत होती. पडद्यावर लांबच लांब दरी, मधोमध नदी, डोंगरावर ढगांच्या सावल्या. मी नेहमीसारखी हरखलेली.

आई म्हणाली, "एवढ्या जागेत घर कसं नाही गं एक? माणसं कुठं गेली?"

"थंडी असते खूप. डोंगराळ भाग."

"डोंगराळ तर आमचंही होतं."

मंगळवार

आज ग्लेन्कोची दरी. १६९२ सालचा फेब्रुवारी. सरकारी फौजेची माणसं तिथल्या मॅकडोनल्ड घराण्याच्या घरी पाहुणी म्हणून उतरली, बारा-तेरा दिवस राहिली, त्यांच्या चुलीवरचं जेवली, आणि १३ तारखेच्या पहाटे उठून त्यांनाच कापलं. अडतीस माणसं मारली. उरलेली बर्फात पळाली, त्यातलीही किती गारठून गेली. फौजेचा कप्तान कॅम्पबेल घराण्यातला. तिथल्या एका जुन्या खानावळीत 'फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही' अशी पाटी अजून आहे, हे ऐकून आईला फार बरं वाटलं. "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत, मग पाटी लागणारच."

आज एवढंच. ऑफिसात मार्चअखेर आहे.

गुरुवार, रात्री उशिरा

आईचा रविवारचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून आज मुद्दाम स्ट्रॅथनेव्हरवरचं काही शोधून लावलं. अगदी उत्तरेला, सदरलँड परगण्यात. कार्यक्रमाचा निवेदक गवतातून चालता चालता थांबला आणि बुटानं गवत बाजूला केलं. खाली दगडांची रांग. घराचा पाया होता तो. कॅमेरा वर गेला तेव्हा तसे कितीतरी चौकोन दिसले, हिरव्यावर हिरवे. रोझल नावाचं गाव होतं ते.

इतकी वर्षं हे कार्यक्रम बघून मी त्या दऱ्यांना 'अस्पर्श निसर्ग' समजत होते, आणि त्या रिकाम्या केलेल्या दऱ्या आहेत. जमीन सदरलँडच्या उमराव घराण्याची. माणसांच्या खंडापेक्षा मेंढ्यांचा पैसा जास्त, असा हिशोब झाला आणि १८१४ मध्ये पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यानं इथली कुटुंबं हुसकून लावली. तो नुसता कारभारी नव्हता, रिकाम्या जमिनीवर मेंढ्या पाळण्याचा पट्टाही त्याच्याच नावे होता. एका घरात शंभरीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली बाई होती. ती आत असताना छपराला आग लावली, तिला कसंबसं बाहेर काढलं आणि पाचएक दिवसांत ती गेली, असा त्याच्यावर आरोप होता. १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला. निर्दोष सुटला. लोकांना समुद्रकाठी चिंचोळे तुकडे दिले आणि सांगितलं, मासेमारी करा. जन्मभर गुरं राखलेल्या माणसांना.

आणि ज्याच्या अमलात हे घडलं त्या सदरलँडच्या ड्यूकचा पुतळा? गोल्स्पी गावाच्या डोक्यावर, बेन व्रॅगी टेकडीवर, चौथऱ्यासकट सुमारे शंभर फूट. १८३७ पासून उभा आहे. मैलोन् मैल दिसतो.

यातली आणखी एक गोष्ट मला चीड आणते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळा सोहळा बेतला, आणि राजेसाहेब कातडीच्या रंगाच्या तंग पायजम्यावर किल्ट चढवून मिरवले. १७४६ च्या कायद्यानं हायलँडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या या डोंगराळ मुलखातल्या, पुरुषांना जो पोशाख घालायला बंदी होती, तो छत्तीस वर्षांनी मोकळा झाला आणि पुढं थेट राजाच्या कमरेला गेला. तेव्हा तो पोशाख ज्यांचा, त्यांची गावं रिकामी होत होती. निम्मेअधिक प्रवास-कार्यक्रम आजही त्या १८२२ च्या मिरवणुकीतच अडकलेत असं मला वाटतं. किल्ट, बॅगपाईप, व्हिस्कीचा घोट, सूर्यास्त.

असो. आईचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. निवेदक म्हणाला की घरं पाडताना छपराची लाकडंही जाळली. त्या भागात झाडं विरळ, लाकूड दुर्मीळ, आणि लाकडंच नाहीत म्हटल्यावर घर पुन्हा उभं राहत नाही. मी भाषांतर केलं. आईचा हात मटारावर थांबला.

"आमचे वासे तरी आम्ही आणले," ती म्हणाली.

कोयनेचं धरण झालं तेव्हा आई सातआठ वर्षांची होती. गाव गेलं पाण्यात, एवढंच आजवर ऐकलेलं. आज पहिल्यांदा कळलं की आजोबांनी घर उतरवताना एकेका वाशाला खडूनं आकडे घातले होते. नव्या जागी तसंच जोडायचं म्हणून. ट्रकमधून सगळं आणलं. वाटेत पाऊस लागला, आकडे धुऊन गेले. "मग बाबांनी अंदाजानं लावलं. पावसाळाभर गळायचं."

शनिवार

सेंट किल्डा. पश्चिमेच्या बेटांच्याही पलीकडे, भर अटलांटिकात. कड्यांना दोर लावून समुद्रपक्षी पकडायचे आणि त्यावर जगायचं, असे लोक. शेवटी छत्तीसच उरले आणि २९ ऑगस्ट १९३० ला सगळे बोटीत बसले. निघताना प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं, शेजारी मूठभर ओट्स. कुत्री मात्र समुद्रात बुडवली. आईनं ते दोनदा विचारून घेतलं.

"यांना पण कुणी हाकललं?"

"नाही, यांनीच अर्ज केला होता. आम्हाला घेऊन जा म्हणून."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, मामाला फोन लाव.

मामा पुनर्वसनाच्या गावातच राहतो. घर केव्हाच स्लॅबचं झालं. आईनं तब्येत, पाऊसपाणी काही विचारलं नाही. "दादा, जुन्या घराचं आढं आहे का रे अजून?" मामा चक्रावला असावा. गोठ्यात आहे म्हणाला, म्हशींच्या डोक्यावर.

अर्ध्या तासानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. अंधारा गोठा, धुरानं काळं पडलेलं लाकूड, त्याला लटकावलेलं दावं. आईनं चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला.

"वाळवी दिसतीय का बघ गं तुला. मला तर काही दिसत नाही."